फुले भरपूर, पण फळ धरेना: भोपळा, दुधी आणि वांग्याबद्दल

प्रश्न : भोपळ्याचा वेल फुलांनी भरला आहे, पण फळ धरत नाही. काही फुलांमागची इवली फळे पिवळी पडून गळतात. वांग्यातही फुलगळ आहे. कोणते टॉनिक फवारावे?

उत्तर : पंप तूर्त बाजूला ठेवा आणि चार फुले हातात घेऊन पाहा. पाकळ्यांच्या खाली देठाला फुगीर गाठ असेल तर ते मादी फूल. ती गाठ म्हणजेच बीजांडकोश, पुढचे फळ. नुसता बारीक देठ असेल तर नर फूल. वेलवर्गीय पिकांत नर फुले आधी येतात, मादी नंतर. त्यामुळे सुरुवातीची फुले गळाली म्हणून घाबरू नका, ती गळणारच. मात्र पुढेही नर फुलेच येत राहिली तर युरियाचा हात आवरा. जादा नत्र आणि कडक ऊन, दोन्हींमुळे नर फुले वाढतात.

फुलामागची फळे पिवळी पडतात त्याचे कारण बहुतेक वेळा अपुरे परागीभवन असते. (फळावर डंखाची खूण दिसली तर ती फळमाशी, तिचा उपाय वेगळा.) या पिकांचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, तो मधमाशीसारख्या कीटकांनीच न्यायला हवा. मादी फुलाच्या कुक्षीला (मधोमध पराग झेलणाऱ्या टोकाला) बहुधा तीन भाग असतात. पराग एकाच बाजूला पडला तर फळ वाकडे होते किंवा एका अंगाने पोसत नाही. मधमाश्या दिसत नसतील तर हाताने परागीभवन करा. ताजे नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि त्यातला पुंकेसर (पराग असलेला मधला दांडा) कुक्षीच्या सगळ्या भागांवर हलकेच फिरवा. भोपळा, काकडी, कलिंगडाला हे काम सकाळी लवकर करावे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, तिथे सकाळची मेहनत वाया जाते.

वांग्याचे फूल निराळे. नर-मादी दोन्ही अवयव एकाच फुलात असतात, पण कुक्षीवृंताची, म्हणजे कुक्षीच्या दांडीची, लांबी सारखी नसते. कुक्षी पिवळ्या परागकोशांच्या (परागाच्या पिशव्यांच्या) वर डोकावत असेल किंवा त्यांच्या बरोबरीला असेल तर फळ धरते. आत दडलेली आखूड असेल तर ते फूल गळते. अशी आखूड फुले प्रत्येक झाडावर थोडीफार असतातच, तेव्हा सगळी फुलगळ रोग समजू नये. वांग्याचा परागकोश टोकाच्या बारीक छिद्रातून पराग सोडतो आणि त्यासाठी फूल थरथरावे लागते. काळे भुंगे फुलाला लटकून गुणगुणतात ते याचसाठी! त्यांना हाकलू नका.

करटोली लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथे नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळे देत नाही म्हणून नर वेल उपटू नका, साधारण दहा मादी वेलांमागे एक तरी राखा.

कीटकनाशक फवारणे भागच असेल तर फुले मिटल्यावर फवारा. भोपळ्याला त्यासाठी संध्याकाळ योग्य, पण दुधीला तीच वेळ घातक.