दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन या दोन्ही अमेरिकन कंपन्या सैन्याला मोटारसायकली पुरवत होत्या, मग नंतर इंडियनच का बुडाली?

युद्धाने इंडियनला संपवलं, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. युद्धात ती हार्लेच्या मागे पडली हे खरं, पण बुडाली ती १९४९ च्या आसपासच्या घडामोडींनी.

आधी युद्धाचं बघा. अमेरिकन सैन्याने पसंत केली हार्लेची डब्ल्यूएलए. ७४० सीसीचं साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं, जुन्या धाटणीचं) इंजिन, हाताने टाकायचे तीन गिअर, पायाने दाबायचा क्लच. १९४२ सालीसुद्धा हे जुनाटच होतं, पण दणकट आणि दुरुस्तीला सोपं. कॅनडासाठीच्या डब्ल्यूएलसी धरून सुमारे ९० हजार गाड्या निघाल्या, त्यांतल्या हजारो रशियाला गेल्या. इंडियनची ७४१ जेमतेम ५०० सीसीची. ती मुख्यतः ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या फौजांना मिळाली.

सैन्याने दोघींकडून शाफ्ट ड्राइव्हच्या (साखळीऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या) प्रत्येकी हजारेक गाड्याही करून घेतल्या. हार्लेने सरळ बीएमडब्ल्यूची नक्कल केली. इंडियनच्या ८४१ मध्ये मात्र व्ही-ट्विनचे (‘व्ही’ आकारात बसवलेले) दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले, नंतर मोटो गुझ्झी या इटालियन गाडीत दिसले तसे. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात डोकं लावून केलेली अमेरिकन फटफटी हीच. पण तोवर जीपने सगळी कामं उचलली होती.

१९४५ मध्ये राल्फ रॉजर्स या उद्योजकाने इंडियन कंपनी घेतली. पुढचा जमाना हलक्या गाड्यांचा, हा त्याचा अंदाज. अंदाज बरोबरच होता हो! अमेरिकेत ट्रायम्फ, बीएसए या हलक्या ब्रिटिश गाड्या खपतच होत्या. त्याने २२० सीसीची एका सिलिंडरची आणि ४४० सीसीची दोन सिलिंडरची गाडी काढली, पण पुरती चाचणी न घेताच बाजारात उतरवली. गाड्या बंद पडू लागल्या, नाव खराब झालं. त्यात सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. ज्यांच्याशी टक्कर घ्यायची, त्या ब्रिटिश गाड्याच एकदम स्वस्त झाल्या.

या नादात चीफ या इंडियनच्या मोठ्या गाडीकडे दुर्लक्ष झालं, हे मला जास्त खटकतं. चाकं झाकणाऱ्या भल्यामोठ्या मडगार्डची ती चीफच तर इंडियनची ओळख होती. १९४९ साली ती जवळपास बनलीच नाही. हार्लेच्या मोठ्या गाड्यांत ओव्हरहेड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेलं, जास्त आधुनिक) इंजिन १९३६ पासून होतं. १९४८ मध्ये ॲल्युमिनियम हेडचं पॅनहेड इंजिन आलं, पुढच्या वर्षी टेलिस्कोपिक फोर्कची (पुढच्या चाकाला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे शॉक ॲब्सॉर्बर असलेली) हायड्रा-ग्लाइड. मोठी गाडी हवी असलेलं गिऱ्हाईक तिकडेच जाणार. १९५० ची चीफ १३०० सीसीची झाली, फोर्कही नवा मिळाला, पण इंजिन साइड व्हॉल्व्हच राहिलं. १९५३ ला स्प्रिंगफील्डमधल्या इंडियनच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं.

पुढचा भाग आपल्याला गमतीचा वाटेल. १९५५ पासून काही वर्षं अमेरिकेत ‘इंडियन’ म्हणून विकल्या गेल्या त्या इंग्लंडमधल्या रॉयल एनफिल्ड, टाकीवरचं नाव बदलून. त्याच सुमाराला मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली होती.