कलम चार जिथे थांबतं

हर्णै, ता. दापोली

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. एलएलएमला आंतरराष्ट्रीय कायदा घ्यायचा आणि त्यातही अंतराळातल्या शस्त्रबंदीवर काम करायचं, हे तू मनाशी जवळजवळ ठरवलं आहेस. घरचे म्हणतात, असल्या करारांना विचारतो कोण? आणि तुझ्या बाबांचा प्रश्न तू अगदी शेवटी, घाईघाईत लिहिलास : बंदरावरच्या माणसाच्या पोरीचा ह्याच्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. मी तिथूनच सुरुवात करतो.

१ मार्च १९५४. 'दाईगो फुकुर्यू मारू' ही जपानची ट्यूना पकडणारी बोट प्रशांत महासागरात होती, बोटीवर २३ माणसं. पहाटे पश्चिमेला आकाश उजळलं. अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या जवळजवळ अडीचपट निघाला, १५ मेगाटन. बोट धोक्याच्या जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर होती. कायद्याने तिचं काहीही चुकलं नव्हतं. काही तासांनी वरून पांढरी राख पडायला लागली. प्रवाळाचा भुगा होता तो, किरणोत्सर्गाने भरलेला. समुद्रात सोडलेलं सामान टाकून कोण पळतं? तुझ्या बाबांनीही टाकलं नसतं. खलाशी तासन्‌तास ते वर ओढत राहिले आणि राख अंगावर, केसांत, डेकवर साचत राहिली. बंदराला लागेपर्यंत सगळे आजारी पडले होते. वायरलेस सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. वय अवघं ४० वर्षं.

पुढचा भाग तुझ्या आईला वाचून दाखव. जपानच्या बाजारांत मासळी किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राखालून जाऊ लागली. ट्यूनाचे ढीग जमिनीत पुरावे लागले. ज्या बोटी त्या भागात फिरकल्याही नव्हत्या, त्यांचा मालसुद्धा गिऱ्हाईक उचलेना. हर्णैच्या लिलावात एक संध्याकाळ माल पडून राहिला तर डिझेल, बर्फ आणि खलाशांचा वाटा कुठून द्यायचा हे आपल्याकडे पोराटोरांना कळतं. तिथे हे महिनोन्‌महिने चाललं. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करायला घेतल्या आणि बघता बघता देशभरातून तीन कोटींहून जास्त सह्या झाल्या. इकडे पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ ला लोकसभेत मागणी केली, की निःशस्त्रीकरणाचं होईल तेव्हा होईल, निदान चाचण्या तरी थांबवा. करार व्हायला १९६३ उजाडलं. हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं. भूगर्भातल्या चाचण्या त्यातून सुटल्या, फ्रान्स आणि चीनने सहीच केली नाही. तरीही समुद्रावर राख पडण्याचे दिवस सरत गेले. बाबांना सांग, हा सगळा विषय मासेमारी करणाऱ्यांच्या अंगावरून गेलेला आहे.

अंतराळ ह्या करारात का आलं? ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब फोडला. सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांत रस्त्यांवरचे शेकडो दिवे बंद पडले. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून फिरत राहिले आणि त्यांनी उपग्रह निकामी केले. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ त्यात सापडला. टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह तर दुसऱ्या दिवशी सोडला होता, तोही वाचला नाही. बारावीला चुंबकीय क्षेत्रातल्या विद्युतभाराची गणितं मी तुमच्याकडून घोटून घेतली होती. ती इथे उपयोगी पडतात. असा बॉम्ब आपलं आणि परकं ओळखत नाही.

आता १९६७ च्या अंतराळ कराराचं कलम चार काढ. त्याच्यावर लिहिलेली पुस्तकं नंतर, आधी मूळ कलम. दोनच परिच्छेद आहेत. अण्वस्त्रं आणि इतर सर्वसंहारक शस्त्रं पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवायची नाहीत, चंद्रावर वा इतर गोलांवर बसवायची नाहीत. चंद्राचा वापर फक्त शांततेसाठी. झालं. साधी, बिगर-आण्विक शस्त्रं कक्षेत ठेवण्याबद्दल अवाक्षर नाही. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडण्याबद्दलही नाही. अंतराळातून जाऊन पुन्हा खाली येणारं आंतरखंडीय क्षेपणास्त्र तर कक्षेत 'ठेवलेलं' नसतंच, त्यामुळे तेही मोकळं. तुझं काम हे कलम जिथे थांबतं तिथून सुरू होतं.

ही भोकं बुजवायचा प्रयत्न कधीपासून चालला आहे. अंतराळातली शस्त्रस्पर्धा रोखण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९८१ पासून येतो आहे. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत ६५ देश आहेत आणि कामकाज सर्वसहमतीने चालतं. एकाने नकाराची मान हलवली की गाडी तिथेच. रशिया आणि चीनने २००८ मध्ये कराराचा मसुदा मांडला, २०१४ मध्ये सुधारून पुन्हा मांडला. त्यात कक्षेत शस्त्र ठेवायला बंदी आहे, पण जमिनीवरून उपग्रह पाडायची शस्त्रं बनवायला आणि बाळगायला नाही, आणि कोण पाळतो कोण नाही हे तपासायची सोय नाही. अमेरिकेने तो धुडकावला. तिची कारणं खोटी नव्हती, पण स्वतःचे हात मोकळे ठेवायची तिची इच्छाही लपत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि तुला दोन्ही लिहाव्या लागतील.

खरा गुंता पुढे आहे. अंतराळातलं शस्त्र म्हणायचं कशाला? जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शिजियान-२१ ह्या उपग्रहाने स्वतःचाच एक बंद पडलेला दिशादर्शक उपग्रह पकडला आणि ओढत वरच्या कक्षेत नेऊन सोडला. केरकचरा काढायचं चांगलं काम. तोच हात दुसऱ्याच्या चालू उपग्रहालाही धरू शकतो. वस्तू तीच, फरक फक्त हेतूचा, आणि हेतू दुर्बिणीतून दिसत नाही. म्हणून अलीकडे काही देश म्हणतात, वस्तूवर बंदी घालत बसू नका, कृतीवर घाला. स्फोट दिसतो, तुकडे रडारवर मोजता येतात. चीनने २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडला. नोंदवता येतील असे ३,००० हून जास्त तुकडे झाले आणि त्यातले कित्येक अजून फिरताहेत. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेच केलं, तेव्हा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या माणसांना यानांत आसरा घ्यावा लागला, आणि त्यांच्यात रशियाचीही माणसं होती. मला हाच रस्ता जास्त धरण्यासारखा वाटतो. बंदी अपुरी राहिली तरी चालेल, पण मोडली तर ते कळलं पाहिजे.

ह्याचा अणुयुद्धाशी थेट धागा आहे, तो सुटू देऊ नकोस. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेची क्षेपणास्त्रं सुटल्याची सूचना दिली. उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला ज्वाळांसारखं दिसलं होतं. पाळीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी ती सूचना खोटी ठरवली, म्हणून पुढचा अनर्थ टळला. आता तोच उपग्रह कोणी आंधळा केला असं समज. खाली बसलेल्या माणसाने काय समजायचं? यंत्र बिघडलं, की हल्ल्याची पहिली पायरी?

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि जपानने सुरक्षा परिषदेत ठराव आणला : कक्षेत अण्वस्त्र न ठेवण्याचं बंधन पाळा. म्हणजे १९६७ चंच पुन्हा म्हणा. तेरा देश बाजूने, चीन तटस्थ, आणि रशियाचा नकाराधिकार. जपान त्यात होता ह्याचं मला विशेष वाटलं. तुझ्या घरचे म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो. त्यांना एवढंच सांग, की कक्षेत अण्वस्त्र ठेवल्याचं आजवर एकाही देशावर सिद्ध झालेलं नाही, आणि ते ठेवण्याची तांत्रिक ताकद काहींकडे केव्हापासूनच आहे.

राहिला आपला देश. इथे तुझी कसोटी आहे. २७ मार्च २०१९ ला भारताने 'मिशन शक्ती'त आपलाच एक उपग्रह पाडला. उंची मुद्दाम कमी निवडली, सुमारे ३०० किलोमीटर, त्यामुळे बरेचसे तुकडे लवकर खाली येऊन जळाले. काही मात्र अंतराळ स्थानकाच्याही वर भिरकावले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत असा ठराव आमसभेत आला. १५५ देश बाजूने, ९ विरुद्ध, ९ तटस्थ. भारत तटस्थांत होता. आपली भूमिका अशी की ऐच्छिक वचनांपेक्षा सर्वांना बांधणारा, पडताळता येणारा करार हवा. भूमिकेत दम आहे. पण तसा करार नजरेच्या टप्प्यात नसताना हातचं वचनही का देऊ नये, हा प्रश्न भारतीय माणसाने विचारलाच पाहिजे, आणि विचारला म्हणून तो देशद्रोही होत नाही.

आपल्याच बंदरात वर काय काय टांगलेलं आहे ते तुला माहीत आहे. बाबांच्या केबिनमधला जीपीएस, मासळी कुठे मिळेल हे सांगणारी हैदराबादच्या इन्कॉइस ह्या सरकारी सागरी माहिती केंद्राची उपग्रहावरून काढलेली सूचना, वादळाचा इशारा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्याच्या आधी उपग्रहांनी त्याचा मार्ग दिवसेंदिवस दाखवला होता. आपल्याकडे छपरं गेली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. इशारा नसता तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. हे सगळं ज्या कक्षांतून येतं, तिथे आपलं रक्षण करणारा नियम फार थोडा आहे.

तेव्हा अर्ज भर. गणित सोडू नकोस. कक्षेची उंची आणि तुकड्यांचं आयुष्य ह्यांचं नातं न समजलेले वकील ह्या विषयात पुष्कळ आहेत. आणि दिवाळीला येशील तेव्हा एक टिपण घेऊन ये. २०२२ च्या मतदानात भारत तटस्थ राहिला ते बरोबरच होतं, असं आधी पूर्ण ताकदीने लिही, जणू तू आपल्या सरकारची वकील आहेस. मग त्याच टिपणाला उत्तर लिही. पहिला भाग लंगडा निघाला तर दुसरा मी वाचणार नाही.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझे,
सर