तैलरंगाचे ब्रश आणि गोव्याचा पावसाळा

प्रश्न : मी गेल्या वर्षापासून तैलरंगांत निसर्गचित्रे काढतो. त्यासाठी डुकराच्या केसांचे ब्रश घेतले. परंतु पावसाळा संपेपर्यंत बहुतेकांचे केस पिंजारले, काहींवर बुरशी आली आणि एकाचा पत्रा (केस दांड्याला जोडणारी धातूची नळी) दांड्यावर सैल झाला. ब्रश निवडताना काय पाहावे आणि ते कसे सांभाळावेत?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : केस पिंजारण्याचा दोष आपण पावसाला देऊ नये. केस जिथे पत्र्यात शिरतात तिथे, म्हणजे मुळाशी, रंग वाळून घट्ट होतो आणि केसांना आतून फाकवतो. एकदा तो तिथे कडक झाला की ब्रश पूर्ववत होणे फार कठीण. म्हणून ब्रश रंगात अर्ध्याहून अधिक बुडवू नये आणि काम संपताच धुवावा.

धुण्यापूर्वी ब्रश जुन्या सुती फडक्याने मुळाकडून टोकाकडे दाबत पुसावा, मग जवसाच्या तेलात घोळवून पुन्हा पुसावा. टर्पेंटाइननेही रंग निघतो. पण त्याने केस कोरडे पडतात, शिवाय पावसामुळे खिडक्या बंद असलेल्या खोलीत त्याची वाफ त्रासदायक ठरते. नंतर तळहातावर अंगाचा साबण घेऊन त्यात ब्रश गोल फिरवावा. फेस पांढरा दिसला तरी थांबू नये: केसांचे मूळ अंगठ्याने दाबून पाहावे, कारण निळा किंवा तांबडा रंग बहुधा तिथूनच पुन्हा फेसात उतरतो. पाणी थंड किंवा कोमट असावे. कढत पाण्याने पत्र्यातील चिकटद्रव्य सैल होते. तेलाने भिजलेली फडकी मात्र कधीही बोळा करून टाकू नयेत; जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती पाण्यात भिजवून मगच टाकावीत.

पत्रा सैल होण्याचे कारण पाणी. ओला ब्रश बरणीत उभा ठेवला की पाणी पत्र्यात उतरते, लाकडी दांडा फुगतो, त्यावरचा रोगण तडकतो आणि लाकूड सुकून आकसले की पत्रा हलू लागतो. धुतलेला ब्रश बोटांनी आकार देऊन आडवा ठेवावा. ओलसरपणात या केसांचा ताठपणाही कमी होतो. जुलैच्या दमट हवेत ते सुकायला वेळ लागतो, त्यामुळे दोन संच आलटून पालटून वापरणे सोयीचे. पुरते सुकण्याआधी प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेल्या ब्रशांवर बुरशी येणारच. दीर्घकाळ ठेवायचे असतील तर डांबराच्या गोळ्या घालाव्यात, कारण या केसांना कसरही लागते.

आता निवडीविषयी. चांगल्या केसाचे टोक निसर्गतःच दोन-तीन फाट्यांत विभागलेले असते आणि या फाट्यांत दाट रंग धरला जातो. टोके कातरून सारखी केली असतील, तर तो ब्रश घेऊ नये. चपटा ब्रश कडेने पाहावा: दोन्ही बाजूंचे केस आतल्या बाजूला वळलेले हवेत. तळहातावर दाबून सोडल्यावर तो लगेच सरळ झाला पाहिजे. क्रमांकांवर विसंबू नये, कारण एका कंपनीचा आठ क्रमांक दुसरीच्या आठाएवढा असतोच असे नाही. सुरुवातीला दोन चपटे, दोन फिल्बर्ट (चपटे, पण गोलसर टोकाचे) आणि एक गोल पुरेत. त्यांत एक तरी मोठा असावा, कारण लहान ब्रशाने मोठे आकाश रंगवताना चित्र उगाच घोटले जाते.

प्रश्न : प्राण्यांचे केस वापरायचे नसतील, तर तैलरंगासाठी पर्याय आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आहे. ताठ केसांसारखे बनवलेले कृत्रिम तंतूंचे ब्रश आता चांगले मिळतात. ते पाण्याने मऊ पडत नाहीत आणि त्यांना कसर लागत नाही, म्हणून गोव्याच्या हवेत ते सोयीचेच आहेत. दाट रंग धरण्यात मात्र ते थोडे उणे पडतात आणि वापराने काहींची टोके वळतात. जलरंगाचे मऊ कृत्रिम ब्रश तेवढे यासाठी घेऊ नयेत.