सीरिया आणि सूर्याचा काही संबंध नाही

प्रश्न असा आलाय की आजच्या तुर्कस्तानातल्या वारिका नावाच्या प्राचीन राजाच्या कोरीव लेखात सीरियाचं नाव आहे म्हणतात, मग सीरिया 'सूर्य'वरून आणि असिरिया (आजच्या इराककडचं प्राचीन राज्य) 'असुर'वरून आलं का? नाही, अजिबात नाही! ही जोडी फॉरवर्डमध्ये वाचून वाचून वीट आलाय, उच्चार जरा जुळला की लगेच सोयरीक जमवायची.

सीरिया म्हणजे 'अ' गळालेला असिरियाच. नोल्डेके या जर्मन अभ्यासकाने 1871 सालीच हे मांडलं होतं, पण वाद मिटेना. मग 1997 मध्ये तुर्कस्तानात अदानाजवळ चिनेकोयला वादळदेवाचा पुतळा सापडला, देव रथात उभा, रथाला बैल, आणि त्यावर वारिकाचा लेख, इ.स.पू. 8व्या शतकातला, लुवियन आणि फिनिशियन अशा दोन प्राचीन भाषांत. राजा सांगतो की असिरियाचा राजा आणि त्याचं सगळं घराणं मला आईबाप झालं (आपण मायबाप सरकार म्हणतो ना, अगदी तसंच). तर फिनिशियनमध्ये जिथे 'अश्शूर' (म्हणजे असिरिया) तिथेच लुवियनमध्ये 'सुरा'! त्याच पुतळ्यावर, त्याच वाक्याला. रॉलिंगर या इतिहासकाराने 2006 साली यावर बोट ठेवलं आणि माझ्या मते विषय तिथेच संपला.

पण खरी मजा पुढे आहे. हा राजा स्वतःच्या देशाला लुवियनमध्ये 'हियावा' म्हणतो, आणि हित्ती (तुर्कस्तानातलं त्याआधीचं साम्राज्य) कागदपत्रांत ग्रीकांकडचा एक देश आहे 'अह्हियावा'. परत 'अ' गेला! आणि खुद्द राजाचं नाव, इथे वारिका, पण त्याच भागातल्या कारातेपे इथल्या द्विभाषिक लेखात 'अवारिकु'. एकाच मुलखात तीन नावांचा पहिला 'अ' जातो याला मी तरी योगायोग म्हणणार नाही. हियावा आणि अह्हियावा एकच न मानणारे अभ्यासक आहेत, वारिका आणि अवारिकु हे दोन वेगळे राजे धरणारेही आहेत, पण त्यासाठी एका अक्षरापायी अख्खा नवीन राजा उभा करावा लागतो, ते मला पटत नाही.

आणि सुरुवातीचा 'अ' गळणं आपल्याला नवीन आहे का? अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, अरिष्टाचा रिठा झाला. शिकेकाईबरोबर रिठा उकळताना त्यातला 'अ' कुठे गेला हे कोण विचारतं! 'असुर'चं मात्र वेगळं आहे, तिथे 'अ' झिजला नाही, लोकांनी तो नकाराचा समजून मुद्दाम सोडवला आणि त्यातून 'सुर' हा देववाचक शब्द मागाहून तयार केला, ऋग्वेदात तर वरुणालाही मानाने असुर म्हटलंय.