वकिली प्रश्न-उत्तरं: चिपळूणचं ऑफिस, डोंबिवलीचा पक्षकार

प्रश्न: सर नमस्कार, मी चिपळूणला काही वर्षं दिवाणी प्रॅक्टिस करतोय, एकटाच आहे, कारकून सकाळपुरता येतो. काम म्हणजे वाटपाचे दावे, वारस नोंदी, फेरफाराच्या हरकती. भाऊ म्हणतो आता सगळं ऑनलाइन झालंय, वेबसाइट काढ, गुगलवर जाहिरात दे, राज्यभरातली कामं घरबसल्या घे. खरंच होतं का असं? आणि सॉफ्टवेअरवर किती पैसे घालू?

उत्तर: वकीलसाहेब, आधी भावाला आवरा. जाहिरात आपल्याला चालत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६ आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट काढता येते पण तीवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणीचा तपशील, शिक्षण आणि कुठल्या विषयात काम करता, बस एवढंच. जुलै २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टानं ऑनलाइन कामं मागणाऱ्या वकिलांवर कारवाई करा असं बार कौन्सिलला सांगितलंय, तेव्हा गुगलची जाहिरात विसरा.

आणि राज्यभरातली कामं हवीत कशाला, तुमचे निम्मे पक्षकार आत्ताच डोंबिवली-नालासोपाऱ्यात बसलेत की! सातबाऱ्यावर अठरा नावं, त्यातली चार गावात बाकी सगळी मुंबईला, दर तारखेला कोणीतरी रजा टाकून रात्रीची गाडी धरतं आणि कोर्टात आल्यावर कळतं जज्जसाहेब रजेवर आहेत. अशा माणसाला विचारा वकील का बदलला, म्हणेल फोनच उचलत नव्हते हो. तुमची प्रॅक्टिस वाढायची ती इथून.

तारीख झाली की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाका, म्हणजे "प्रतिवादी २ नी मुदत अर्ज दिला, खर्चावर मंजूर झाला, पुढची तारीख १४ ला से (म्हणणं) देण्यासाठी, तुम्ही यायची गरज नाही." त्या शेवटच्या चार शब्दांसाठी माणूस आनंदानी फी देतो आणि आतेभावालाही तुमच्याकडेच पाठवतो. ईकोर्ट्सचं अॅप फुकट आहे, प्रत्येक केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर त्यात टाकून ठेवा, पक्षकारालाही टाकायला शिकवा. फक्त अॅपवरची तारीख कधीकधी मागे असते, रोजनामा (कोर्टाची त्या दिवशीची नोंद) बघितल्याशिवाय कोणाला येऊ नका म्हणून सांगू नका.

दुसरं काम असं की चाकरमान्याची खरी भीती असते गावात आपल्या पाठीमागे कोणी नोंद घालेल ही. महाभूमी या सरकारी वेबसाइटच्या 'आपली चावडी'वर फेरफाराच्या नोटिसा दिसतात, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मुंबईत बसलेल्याला तलाठी ऑफिसबाहेरचा कागद कुठून दिसणार. तुम्ही वर्षाची ठराविक फी ठरवा, ठरल्या वारी त्याच्या गटाची चावडी बघा, वर्षातून एकदा डिजिटल सहीचा सातबारा काढून पाठवा (तो १५ रुपयात मिळतो). काही निघालं तर हरकतीचं काम वेगळ्या फीचं. यात सॉफ्टवेअर कुठलं लागतं? एक एक्सेलची शीट आणि बरा स्कॅनर.

भावकीच्या ग्रुपवर मात्र केसबद्दल एक अक्षर टाकायचं नाही. त्यातला एक जण हमखास समोरच्या पार्टीचा साडू असतो. ज्याचं वकीलपत्र त्यालाच मेसेज. पहिली भेट समोरासमोर, मूळ कागद हातात घेऊन, आणि उलटतपासाची तयारी फोनवर करू नका, साक्षीदार कुठे अडखळतो ते बसवून विचारल्याशिवाय कळत नाही. केस जिंकलो तर दोन गुंठे तुमचे असं कोणी म्हणालं तर हात जोडा, निकालावर फी ठरवायला नियमात बंदी आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्याची हायकोर्टाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, तिथल्या एखाद्या वकिलाशी आत्ताच गाठ घालून ठेवा. अपिलाचा ड्राफ्ट दोघांनी गुगल डॉकवर करायचा, उभं त्यांनी राहायचं, फीची वाटणी आधी बोलून.

प्रश्न: सर, मी नागपूरची, बाळ लहान आहे म्हणून कोर्टात जात नाही, घरून ड्राफ्टिंग करते. सिनिअर सांगतात एआयनी पटकन करून दे. करू का?

उत्तर: भाषा सुधारायला, तारखांचा क्रम लावायला खुशाल वापरा, पक्षकाराची नावं आणि कागद मात्र त्यात चढवू नका. निवाडे त्याच्या भरवशावर घालू नका. न्यूयॉर्कला २०२३ मध्ये चॅटजीपीटीनी रचलेले खोटे निवाडे दाखल केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआरवर निकाल फुकट वाचता येतात, तिथे परिच्छेद उघडून बघायचा मगच दाव्यात टाकायचा. आणि सिनिअरला सांगा, वाचायला लागलेल्या वेळेचे पैसे ड्राफ्टच्या पैशात धरा, "पटकन" झालं म्हणून रेट कमी करू नका.