वाचक विचारतात : अमेरिकेतले कॉलेज खेळाडू आणि जाहिरातीचे पैसे

प्रश्न : मी पुण्यात क्रीडा व्यवस्थापन शिकते. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना जाहिरातीतून कमाई करायची मुभा मिळाल्यावर त्यांच्यावर काय परिणाम झाला, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. 2021 पूर्वीची आणि नंतरची आकडेवारी शेजारी ठेवली की भागेल का?

उत्तर : नाही भागणार. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने 1 जुलै 2021 पासून ही मोकळीक दिली, पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक नियम सैल झाला होता : एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागणार नाही. त्यात कोविडकाळातल्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालेलं. त्यामुळे ‘जाहिरातीच्या पैशामुळे खेळाडू कॉलेज बदलू लागले’ असं नुसत्या तुलनेवरून लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

राज्याराज्यांची तुलनाही फसवी आहे. कॅलिफोर्नियाने कायदा 2019 मध्येच केला, पण एनसीएएची सवलत देशभर एकाच दिवशी आली. म्हणजे कायदा नसलेल्या राज्यातल्या खेळाडूंनाही कमाई खुली झाली आणि तुलनेला कोरा गट उरलाच नाही.

कालखंड तीन करा : जून 2021 पर्यंतचा, तिथून जून 2025 पर्यंतचा आणि त्यानंतरचा. तिसरा वेगळा अशासाठी, की 6 जून 2025 ला न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि 1 जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. 2025-26 साठी एका कॉलेजची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर आहे. तुमच्या तक्त्यात कॉलेजचा वाटा, कंपन्यांच्या जाहिराती आणि ‘कलेक्टिव्ह’चे, म्हणजे देणगीदारांनी खेळाडूंसाठी उभारलेल्या गटांचे, पैसे असे तीन वेगळे रकाने हवेत. कलेक्टिव्हचे पैसे कागदावर जाहिरातीचे असले, तरी पुष्कळदा ते खेळण्याचेच असतात. ते जाहिरातीत मिसळले की निष्कर्ष हमखास बिघडतो.

माहिती मिळवणं हे खरं अवघड काम. करार खासगी असतात, आणि सरकारी विद्यापीठाकडे माहितीचा अर्ज केला तर विद्यार्थी-गोपनीयतेचा ‘फर्पा’ कायदा पुढे केला जातो. बातम्यांत अमक्या खेळाडूची किंमत इतके लाख डॉलर असं छापून येतं, तो खासगी कंपन्यांचा अंदाज असतो, हातात पडलेली रक्कम नव्हे. तो उत्पन्नाच्या रकान्यात भरू नका. पायाला अमेरिकी शिक्षण विभागाची ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स’ आकडेवारी घ्या : कॉलेजवार खेळाडूंची संख्या आणि खेळांचा जमाखर्च त्यात फुकट मिळतो. सरासरी एकटी देऊ नका, मध्यक द्या. अमेरिकन फुटबॉलच्या दोनचार बड्या करारांनी सरासरी फुगते आणि काहीच न मिळालेले खेळाडू त्यात दिसेनासे होतात.

प्रश्नावली पाठवणार असाल तर आधी नैतिकता समितीची मंजुरी घ्या. नेमकी रक्कम विचारू नका. करारात गोपनीयतेचं कलम असेल तर उत्तर येणार नाही, किंवा खोटं येईल. शून्य, 600 डॉलरच्या आत, 600 ते 5,000, त्यापुढे असे गट द्या. बूट, कपडे, जेवण असा वस्तुरूप मोबदला वेगळा विचारा. छोट्या खेळांतल्या अनेकांना मिळतं ते एवढंच. आणि जाहिरातीच्या कामात आठवड्याचे किती तास जातात तेही विचारा. अभ्यासावरचा परिणाम रकमेपेक्षा तासांतून जास्त कळतो.

प्रश्न : मुलगा एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत पोहण्याच्या संघात आहे. गावातलं एक दुकान इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टचे 500 डॉलर देतंय. घ्यावेत का?

उत्तर : लेखी सल्ल्याशिवाय नको. एफ-1 वर सत्रात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम चालतं ते कॅम्पसवर. बाहेरच्या दुकानासाठी अमेरिकेत बसून केलेली जाहिरात विनापरवाना काम ठरू शकते, आणि मग प्रश्न 500 डॉलरचा न राहता व्हिसाचा होतो. एनसीएएने परवानगी दिली म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिली असं नाही. मुलाने आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) ईमेलने विचारावं, मग क्रीडा विभागात नियमपालन बघणाऱ्या कम्प्लायन्स अधिकाऱ्याला. सुट्टीत भारतात येऊन चित्रीकरण करायची वाट काहीजण धरतात, पण तीही इमिग्रेशन वकिलाला दाखवूनच.

प्रश्न : 600 डॉलरच्या आतली कमाई कळवावी लागत नाही, हे खरं का?

उत्तर : अर्धवट खरं. डिव्हिजन 1 या एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत एकाच देणाऱ्याकडून मिळालेली एकूण रक्कम 600 झाली की करार ‘एनआयएल गो’ या करार तपासणाऱ्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवावा लागतो. त्यामुळे एका दुकानाचे 300 चे दोन करार केले तर सुटका नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, आणि कराचा हिशोब तर वेगळाच.