‘तुम्ही कोणत्यातले?’ यातलं काय गाळलंय

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय की लातूर-नांदेडकडं लोक ‘तुम्ही कोणत्यातले?’ म्हणतात ते ‘कुठले’चंच गावाकडचं रूप आहे का. नाही हो ताई, गावाशी काही संबंध नाही, ‘कोणत्या जातीतले’ मधली जात तेवढी गाळलीय. घरातला, शेतातला तसाच हा कोणत्यातला, फक्त कशाच्या आतला ते नाम पोटात ठेवलंय. ‘आमच्यात हे चालत नाही’ म्हणतात तिथंही तेच. वर ‘तुम्ही’ आणि ‘ले’, सगळं आदरार्थी, म्हणजे नाव ठेवायला जागाच नाही!

आडनावावरून भागत नाही म्हणून हा प्रश्न येतो. गायकवाड, जाधव, शिंदे कितीतरी समाजात आहेत.

संभाजीनगरात रूम बघायला गेलो होतो तेव्हा मालकानी आधी नाव विचारलं, मग गाव, मग हे आलंच. मी बौद्ध म्हणलो. ‘बरं बरं’ म्हणले, चहा पाजला, दोन दिवसांनी फोन आला की भाचा राहायला यायलाय. मित्र म्हणला तू लई मनाला लावून घेतो, खरंच आला असंल भाचा. असंल बी. गोम हीच हाय, माणूस एक शब्द वाकडा बोलला नाही, मग भांडायचं कशावरून, अन् नाही भांडलं तर डोक्यात किडा घेऊन आपणच फिरायचं. महिन्यानी त्याच गल्लीतून गेलो तर ‘रूम भाड्याने देणे आहे’ची पाटी तशीच.

उत्तराच्या तऱ्हा आमच्या एकाच घरात तीन. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, त्या दिवसांत यष्टीत कुणी ‘कोणत्यातले’ म्हणलं की आजोबा ‘कुठले’ ऐकू आल्यासारखं करून नुसतं गावाचं नाव सांगायचे. म्हणजे ताई, तुमची गल्लत ते मुद्दाम करायचे. वडील, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार होऊन विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं तेव्हा पेढे वाटलेला माणूस, समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ‘जय भीम’ घालतात, प्रश्नच उरत नाही.

बहीण मात्र शांतपणे विचारती, ‘कोणत्यातले म्हणजे? कोणत्या काय?’ ते गाळलेलं नाम समोरच्याच्याच तोंडून काढायचं म्हणती. आजवर एकानंच ‘जात’ म्हणलं, बाकीचे सगळे ‘नाही, सहज विचारलं’वर आलेत.